इंदापूरची टाकी, लासुर्ण्याचा पाळणा

सांध्याला पडलेली भोकं जोतीरामनं आधी नखानं चाचपली, मग चष्मा पुसून पुन्हा बघितली. तव्यावर धिरडं टाकलं की त्याला जशी जाळी पडते, तशी बारीक जाळी त्या वेल्डिंगला पडली होती. धिरड्याची जाळी बघून माणूस करणारणीच्या हाताचं कौतुक करतो. ही जाळी जोतीरामला परवडणारी नव्हती. कारण तो पाळणा करत होता, आणि त्या पाळण्यात त्याची नात निजणार होती.

त्यानं तो नमुन्याचा तुकडा शिकंज्यात आवळला आणि हातोडीचा एक ठोका दिला. एकच. सांधा वाळल्या शेंगेसारखा मोडून खाली पडला.

शेडच्या बाहेर ऊस सळसळत होता. घरात त्याची लेक योगिनी बाळाला थोपटत होती, त्या थोपटण्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. दसरा कालच झालेला. सव्वा महिन्याचं बारसं करायचं ठरलं होतं, त्याला दहा दिवस राहिले होते.

जोतीराम मूळचा लासुर्ण्याचाच, पण जन्मला वाटेवर. त्याच्या बापानं सारी हयात मेंढरांमागं काढली. दिवाळी सरली की कळप कोकणच्या वाटेला लागायचा, आणि अशाच एका मुक्कामी, कुणाच्या तरी कापल्या रानात, जोतीरामनं पहिला टाहो फोडला. त्याचा पाळणा म्हणजे दोन बाभळींच्या मध्ये बांधलेली घोंगड्याची झोळी. पुढं बाप थकला, कळप विकला, कॅनॉलच्या पाण्यावर शिवारात ऊस आला. जोतीराम दहावीपर्यंत शिकला आणि जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून चिकटला. एकतीस वर्षं त्यानं तिथं जनावरं धरली. डॉक्टर येत गेले, बदलून जात गेले. नवा डॉक्टर कानाला नळ्या लावून शेळीची छाती ऐकत बसायचा, तोवर जोतीराम तिच्या तोंडाशी कान नेऊन सांगून मोकळा व्हायचा, "सायेब, छाती निर्मळ हाय. नाकात अडकलंय कायतरी." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. श्वास ऐकायला त्याला बापानं शिकवलं होतं. अंधारात, पावसात, दोनशे मेंढरांत कुठलं एक दमतंय, हे बाप कानानं ओळखायचा.

निवृत्त झाल्यावर गावातली माणसं पारावर बसतात. जोतीराम भंगाराच्या दुकानात बसू लागला. गंजका पत्रा, मोडकी सायकल, वाकलेला पाइप यांत त्याला काहीबाही दिसायचं. कांडीचं वेल्डिंग तो मोबाइलवर बघून बघून शिकला. कोंबड्यांचं खुराडं केलं, तुळशीला कठडा केला, पाण्याच्या हंड्यांना मांडणी केली. सगळं ओबडधोबड, पण भक्कम. बायको म्हाळसा म्हणायची, "दिसायला न्हाय, पर आपल्या माघारी बी टिकंल."

मग योगिनी बाळंत झाली. बारामतीच्या दवाखान्यात तिच्या सासरची माणसं जमली होती, जळोचीची. शिकलेली, बोलायला गोड माणसं. विहीणबाई म्हणाल्या, "बारशाला पाळणा आम्ही आणू. बारामतीत काय सुंदर स्टीलचे मिळतात!" आणि जोतीराम, ज्याच्या तोंडून चार माणसांत सहसा शब्द निघत नसे, तो सगळ्यांदेखत बोलून गेला, "पाळणा मी करनार. माझ्या हातानं."

बोलताना छाती भरून आली होती. घरी आल्यावर ती हळूहळू रिकामी झाली. पाळण्याला लागतो पातळ पाइप. कांडी लावली की तो जळून भोक पडतं. पातळ कामाला गॅसचं मशीन लागतं. वितळल्या लोखंडाला वारा सोसत नाही, वारा लागला की ते आतून फुगतं, पोकळ होतं. म्हणून काम चाललेलं असताना त्या मशिनीतून सांध्यावर गॅस सोडतात. बाळंतिणीचे कान बांधून तिला वाऱ्यापासून जपावं, तसा तो गॅस ओल्या लोखंडाला जपतो. मशीन मिळालं. आता गॅसची टाकी कुणाकडून घ्यायची?

तो आधी बारामतीला गेला, एमआयडीसीतल्या एका मोठ्या एजन्सीत. काउंटरवर तेजश्री नावाची मुलगी होती, गळ्यात नावाची पट्टी.

"काका, जीएसटी नंबर?"

"न्हाय."

"शॉप ॲक्ट तरी?"

"दुकानच न्हाय बाई. घरीच करतो."

"घरी? कशासाठी?"

जोतीराम जरा लाजला. "हौस."

मुलीनं कॉम्प्युटरकडं बघितलं, जणू तिथं कुठं हौसेचा रकाना सापडतो का ते शोधत होती. "हौसेसाठी सिलिंडर द्यायची आमच्याकडे पद्धत नाही हो काका." मग त्याचं उतरलेलं तोंड बघून ती हळूच म्हणाली, "पण कुठूनही घ्या, टाकीच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते, ती वाचल्याशिवाय घेऊ नका."

तिथून तो भिगवणला गेला. मासळीच्या खानावळी संपल्या की आतल्या अंगाला लखनचं आवार होतं. टाक्या जमिनीवर आडव्या पडल्या होत्या, बाजारात चिलापी मांडावी तशा. लखन नाव विचारत नव्हता, कागद मागत नव्हता. जोतीराम एकेका टाकीवर वाकून तारीख शोधू लागला. रंगावर रंग, रंगावर रंग. तारीख काही सापडेना.

"काय हुडकताय आबा?"

"तारीख."

"तारीख? लगीन लावायचंय का टाकीचं?"

आवारातली माणसं हसली. जोतीराम तसाच परत फिरला.

तिसरं दुकान इंदापूरच्या बाजारात, भानुदासरावांचं. भानुदासरावांनी पुण्यात गॅस भरण्याच्या कारखान्यात वीस वर्षं काढली होती, मग गावाकडं येऊन बायकोच्या नावानं करुणा ट्रेडर्स काढलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या बरोबर खाली लोखंडी वजनकाटा. ते प्रत्येक टाकी गिऱ्हाइकासमोर काट्यावर चढवत. खांद्यावर ठोकलेली तारीख बोट ठेवून दाखवत, रिकाम्या टाकीचं ठोकलेलं वजन वाचून दाखवत, आणि काट्याकडं बोट करत. "तुमच्या डोळ्यानं बघा. वर निघालं तेवढा गॅस."

जोतीरामनं आधीच सांगून टाकलं, "दुकान न्हाय माझं. हौस हाय. नातीचा पाळणा करायचाय."

"मग तर दिलीच पायजे," भानुदासराव म्हणाले. "धंदेवाल्याला घाई असती. हौसेचा मानूस बघून बघून काम करतो." मग त्यांनी समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. टाकी उभी ठेवायची आणि भिंतीला साखळीनं बांधायची. हा गॅस पेटत नाही, पण कोंडलेल्या खोलीत माणसाचा दम घेतो, म्हणून शेडची दारं उघडी ठेवायची. आणि नळी, रेग्युलेटर काढून ठेवलं तर त्यांची तोंडं झाकायची, परत जोडताना प्रत्येक तोंड फुकून घ्यायचं. "नुसतं पुसू नका आबा. फुकायचं. कचरा आत गेला तर सगळं मुसळ केरात."

टाकी घरी आली तेव्हा म्हाळसा दारातच उभी राहिली. "बाळंतिणीच्या घरात ही आनताय?"

"पेटत न्हाय ती."

"पेटत न्हाय तर मग गॅस कसला?"

 जोतीरामनं टाकी घरापासून लांब, शेडच्या पलीकडच्या भिंतीला बांधली. तरी बाळ रडलं की पहिले काही दिवस तो बाळाकडं जायच्या आधी टाकीकडं जाऊन यायचा.

पहिली टाकी हात बसवण्यातच संपली. पण सांधे छान येऊ लागले. एकसारखे, खवल्याखवल्यांचे. दुसरी टाकी भानुदासरावांनीच दिली, नवरात्रातल्या अष्टमीला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

या घरात खंडेनवमीला बापाच्या काळी लोकर कापायची कातर पुजायचे, कुऱ्हाड आणि काठी पुजायचे. ती कातर अजून होती. तिच्या शेजारी जोतीरामनं यंदा पोत्यावर सगळं मांडलं: हातोडी, पाने, ग्राइंडर, मशीन, आणि काढून स्वच्छ पुसलेली नळी आणि रेग्युलेटर. झेंडूची फुलं वाहिली. म्हाळसानं जेजुरीहून आणलेल्या भंडाऱ्याची पिशवी सोडली. नेहमी ती चिमूट टाकायची. यंदा तिनं मूठ भरली. "माझ्या नातीचा पाळना हुनार हाय ह्यातनं," म्हणाली, आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" करत मुठीवर मूठ उधळली. पोतं, कातर, मशीन, सगळं पिवळंधमक झालं. जोतीरामला त्या क्षणी वाटलं, बाप असता तर त्याला ही मांडणी पटली असती.

दसऱ्याच्या दिवशी त्यानं नळी जोडायला घेतली. तिच्या तोंडाशी भंडारा चिकटला होता, रेग्युलेटरच्याही. भानुदासरावांचं बोलणं त्याला आठवलं. त्यानं नळी तोंडाजवळ नेली. आणि थांबला. देवाचा भंडारा फुकून उडवायचा? थुंकी लागलेल्या तोंडानं? साठ वर्षांत या घरात कुणी असं केलं नव्हतं. त्यानं वरवर दिसत होता तेवढा भंडारा बोटानं टिपला, कपाळाला लावला, आणि नळी जोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळण्याचं काम सुरू करण्याआधी त्यानं नमुन्याला दोन तुकडे जोडले. आणि ती जाळी पडली.

रेग्युलेटरवरचा काटा बघितला. बरोबर जिथं हवा तिथं. मशीन बघितलं. वितळून सांध्यात उतरणारी तार बघितली. पाइप घासून परत जोडला. परत जाळी. मोबाइलवरचा एक जण सांगत होता, "सांध्याला भोकं पडत असतील तर तुमचा गॅस खराब आहे. त्यात पाणी आहे." जोतीरामनं ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

टाकी गावातल्या सिद्धूच्या टेम्पोत घालून तो तडक इंदापूरला गेला. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यानं मोडका तुकडा काउंटरवर आपटला.

"ही टाकी कसली दिली तुमी?"

भानुदासरावांनी तुकडा उचलून उजेडात धरला. "आबा, आधी बसा. पानी घ्या."

"पानीच दिलंय की तुमी, टाकीत भरून! काट्यावर पान्याचं बी वजन भरतंय!"

एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. भानुदासरावांचा हात तुकड्यावरच थांबला. मग त्यांनी तो अलगद खाली ठेवला.

"ह्या काट्यावर आजवर कुनी बोट ठिवलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तोंडं फुकली हुती का, जोडताना?"

जोतीरामची नजर क्षणभर हलली. "मला नका शिकवू. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलीया. कचरा बिचरा न्हवता त्यात."

कचरा नव्हता, हे त्याच्या मते खरंच होतं. भंडाऱ्याला कचरा कोण म्हणेल?

भानुदासराव आणखी काही न बोलता आत गेले, दुसरी टाकी काढून त्यांनी काट्यावर चढवली आणि तारीख दाखवली. या वेळी "तुमच्या डोळ्यानं बघा" म्हणाले नाहीत. जोतीरामनंही काट्याकडं बघितलं नाही.

घरी येऊन त्यानं नवी टाकी जोडली. सांधा घेतला. जाळी.

आता त्याला खरी भीती वाटू लागली. राग होता तोवर बरं होतं, रागाला कुणीतरी समोर लागतं आणि ते होतं. आता समोर कुणीच नव्हतं. त्यानं आणखी सहा नमुने जोडले. त्यांतले दोन वरून अगदी स्वच्छ दिसले. त्यानं कापून बघितलं तर आतून पोकळ. तेव्हापासून त्याला झोप धड येईना.  वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ, असा एखादा पाळण्याच्या सोळा सांध्यांत कुठं राहिला तर? आज नाही मोडायचा. उद्याही नाही. पोरगी सहा महिन्यांची होईल, अंग धरेल, पाय झाडू लागेल, आणि एखाद्या दुपारी, सगळे कामात असताना...

"आबा," योगिनी म्हणाली, "जळोचीहून फोन होता. ते अजून विचारतायत पाळण्याचं. हो म्हणू का?"

"दोन दिस थांब."

"आबा, कुणी काही म्हणणार नाही तुम्हाला."

"ते ठावं हाय मला," जोतीराम म्हणाला. कुणी काही म्हणणार नाही, हेच तर त्याला नको होतं.

इंदापूरच्या दोन्ही टाक्या एकाच भरतीतल्या असणार, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी सिद्धूला घेऊन भिगवण गाठलं.

"आली का तारीख काढून?" लखन हसत पुढं आला.

"दे एक टाकी."

लखननं एक टाकी घरंगळवत आणून उभी केली. बुडाला गंजाचे पापुद्रे होते. जोतीरामनं सवयीनं तिच्या तोंडाशी कान नेला. चावी बंद होती, तरी आत सूंऽऽ असा बारीक, सलग आवाज येत होता.

"लखन, ही गळतीया."

"आबा, तेवढं गळतंच. मानसं सुस्कारं टाकत्यात, मग टाकीनं टाकू नये व्हय?"

या वेळीही माणसं हसली. जोतीरामनं टाकीवर हात ठेवला. ती गार होती. ही टाकी टेम्पोत घालायची, अंगणातून न्यायची, बाळाच्या भिंतीपलीकडं उभी करायची. पाळण्यासाठी. ज्याच्यासाठी पाळणा, त्याच्याच उशाला.  म्हाळसा दारात उभी राहून विचारेल, आणि त्याला खोटं बोलावं लागेल.

"नगं," तो म्हणाला.

"अवो आबा, आता आनली की उचलून!"

"नगं म्हनलं ना."

परतताना सिद्धूनं टेम्पो उजनीच्या पाण्याच्या कडेनं घेतला. जोतीराम खिडकीला डोकं टेकून बसला होता. कानात अजून तो सूंऽऽ आवाज होता. बंद टाकीतून एवढासा गॅस गळत होता, तरी तो कानाला स्पष्ट लागत होता. मग आपल्या शेडमध्ये, चावी पूर्ण उघडी असताना, आपण वेल्डिंगच्या बंदुकीचा घोडा दाबतो तेव्हा...

तेव्हा आवाज कसा येतो? त्याला आठवेना. त्यानं ऐकलंच नव्हतं. डोळ्यांनी काटा बघितला होता, मोबाइलवरच्या माणसाचं ऐकलं होतं. ज्या कानावर एकतीस वर्षं पोट भरलं, तो कान त्यानं लावलाच नव्हता.

"सिद्धू, जरा दाब की," तो म्हणाला.

"आबा, ह्यो टेम्पो हाय, घोडा न्हवं."

घरी येताच त्यानं मशिनीची तार मागं घेतली, टाकीची चावी सोडली, बंदुकीचं तोंड गालाजवळ धरलं आणि घोडा दाबला. गालाला जेमतेम काहीतरी लागलं. आवाज बारीक, फाटका, मध्येच तुटणारा. जोतीरामनं डोळे मिटले. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. छाती निर्मळ, नाकात अडकलंय.

काटा खोटं बोलत नव्हता. काट्यापर्यंत गॅस येत होता, पुढं वाट बुजली होती. त्यानं चावी बंद केली, नळी सोडवली. रेग्युलेटरच्या बाहेरच्या तोंडात, सुई जाईल एवढ्या वाटेवर, काहीतरी घट्ट बसलं होतं. टाचणीनं उकरलं तर पिवळा खडा निघाला. मग त्यानं नळीचं एक टोक तोंडात धरलं आणि फुकलं, छातीतला सगळा वारा एकवटून. दुसऱ्या टोकातून पिवळा धूर उसळला. शेडभर हळदीचा वास पसरला.

म्हाळसा त्या वासानं बाहेर आली. जमिनीवर पडलेलं पिवळं बघून तिला सगळं कळलं, आणि तिचा चेहरा पडला. "म्हंजी माझ्या हातानं झालं?"

"न्हाय."

"मीच उधळला की मुठीनं."

"तू उधळायचाच हुता. मी फुकायचा हुता." तो खाली बसला. "तुझं चुकलं न्हाय, देवाचं तर न्हाईच न्हाई. भानुदासरावानं सांगितलेलं, आन् मी फुकलं न्हाय. वर त्यालाच चोर म्हनून आलो."

म्हाळसा त्याच्याकडं बघत राहिली. "चार मानसांत?"

"चार मानसांत."

ती आत गेली आणि त्याचा धुतलेला सदरा घेऊन आली.

इंदापूरला पोचला तेव्हा दुकानात एकटे भानुदासराव होते. जोतीराम आत गेला नाही. समोरच्या चहाच्या गाडीपाशी उभा राहिला. एक चहा झाला, दुसरा झाला. भानुदासरावांनी दोनदा मान वर करून बघितलं. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, मग दोघं, मग तिसरा. तेव्हा कुठं जोतीराम रस्ता ओलांडून आत शिरला आणि फडक्यात बांधलेला पिवळा खडा त्यानं काउंटरवर सोडला.

"त्या दिशी मी ह्या काट्याला खोटं म्हनलं," तो मोठ्यानं म्हणाला. मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, म्हणून आवाज जास्तच मोठा निघाला. "टाक्या खऱ्या हुत्या. खोट माझ्या जोडन्यात हुती. भंडारा गेलता आत. तुमी इचारलं, मी धड सांगितलं न्हाय."

गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघू लागली. भानुदासरावांनी खडा बोटांत चुरला, वास घेतला.

"हळद लागली म्हनायची टाकीला," ते म्हणाले, आणि दुकानात हशा पिकला. जोतीरामलाही हसू आलं, पण ते डोळ्यांतूनच ओघळलं.

भानुदासरावांनी त्याला आत बोलावलं. मागच्या कोपऱ्यात एक टाकी एकटी उभी होती. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं: जोतीराम, लासुर्णे.

"तुमी परत आनलेली. भरायला धाडलीच न्हाय मी. म्हनलं माझ्याकडनं खरंच काय चुकलं असंल तर कळाय पायजे. रोज येता-जाता तिच्याकडं बघतोय." ते जरा थांबले. "मला बी झोप नव्हती आबा. ल्हान लेकराचं काम."

पुढच्या पाच दिवसांत जोतीरामनं सोळा सांधे घेतले. प्रत्येक सांध्याआधी घोडा दाबून गालावर वारा घेतला. प्रत्येक सांध्याचा जोडीदार नमुना केला आणि तो हातोडीनं ठोकला. पाइप वाकला, सांधा सुटला नाही. शनिवारी भानुदासराव स्वतः आले, गुडघ्यावर बसून सोळाच्या सोळा सांधे बोटानं बघत फिरले. मग दोघांनी मिळून पाळण्यात पेंडीचं पोतं ठेवलं, आणि ते दिवसभर तसंच ठेवलं.

रविवारी अंगणात मांडव पडला. जळोचीची माणसं आली, भानुदासराव आणि करुणाबाई आल्या. पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवायची रीत आहे. म्हाळसानं त्याला टोपडं घातलं होतं. बायकांनी वरवंटा पाळण्यात ठेवला आणि दोरी ओढली. जोतीराम एका खांबाला हात लावून उभा होता, दुसऱ्या खांबाला भानुदासरावांचा हात होता. दोघंही टोपड्यातल्या दगडाकडं अशा नजरेनं बघत होते की विहीणबाईंना हसू आवरेना.

मग बाळाला पाळण्यात घातलं. बायकांनी गाणं उचललं.

"जरा गप ऱ्हावा की," जोतीराम एकदम म्हणाला.

"अवो!" म्हाळसा चिडली. "बारशाला गप बसत्यात व्हय कुनी?"

"एकच घटका. मला आयकू द्या."

गाणं थांबलं. पाळणा एकदा इकडं गेला, एकदा तिकडं. सोळा सांध्यांतला एकही बोलला नाही. त्या शांततेत ऐकू येत होता तो फक्त बाळाचा श्वास, लहान, सरळ, कुठंही न अडकणारा.

म्हाळसानं भंडाऱ्याची चिमूट उचलली आणि नवऱ्याकडं बघितलं. "टाकू?"

"टाक. शेडातली तोंडं सकाळीच बांधलीत."

चिमूटभर पिवळं पाळण्यावर उतरलं. बाळानं नाक फेंदारलं आणि दणकून शिंकलं.

"बघा आबा," भानुदासराव म्हणाले, "पोरीनं न सांगता फुकून घेतलं."

मांडव हसला, गाणं परत सुरू झालं. जोतीरामनं आणखी दोन झोके होऊ दिले, आणि मग खांबावरचा हात काढला.